खोली, डग्गा आणि ७० हर्ट्झ : घरच्या स्पीकरच्या मांडणीच्या नोंदी

१९ जानेवारी २०२५

सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेची गर्दी ओसरली, रात्री जरा शांतता मिळायला लागली, म्हणून काम हातात घेतलं. आधी खोली सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. साडेसोळा फूट लांब, साडेदहा फूट रुंद, दहा फूट उंच. खाली शहाबादी फरशी, विटांच्या भिंती, वर स्लॅब. मऊ म्हणावं असं काही नाही. टाळी वाजवली की वरून टणत्कार येतो. स्पीकर साडेसहा इंची वूफरचे, स्टँडवर, आखूड भिंतीपासून सव्वातीन फूट पुढे. ऐकायची खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर. लॅपटॉप, डॅक (लॅपटॉपमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी पेटी), अँप, एवढंच.

तक्रार मामांची आहे. आयुष्यभर भजनी मंडळांत तबल्याच्या साथीला बसलेला माणूस. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं : "अरे, डग्गा वाजून गेला तरी खोलीत उरतोय." बाकी आवाजाबद्दल त्यांची तक्रार नाही. मला मात्र मोजून बघायचं होतं, म्हणून यूएमआयके-१ हा यूएसबी माइक मागवला. साडेअकरा हजारांना पडला, या कामातला सगळ्यात मोठा खर्च तोच. प्रत्येक माइकची स्वतःची कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकची चूक भरून काढणारी) सिरीयल नंबरावर मिळते, ती न विसरता घालायची. माइक छताकडे रोखून ठेवणार असाल तर ९० अंशांची फाइल वेगळी असते. मोजायला रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर, फुकट आहे.

२३ जानेवारी

पहिले स्वीप (खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जाणारा मोजणीचा आवाज) वाया गेले. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. त्यांची खडखड कानाला सवयीची झाली आहे, माइकला नाही. दिवसा आलेखाचा खालचा भाग नुसता झाडाझुडपासारखा दिसतो. दोन उपाय चालले. एक, दुपारी जेवणाच्या सुट्टीत माग थांबतात तेव्हा मोजायचं. दोन, स्वीप लांब करायचा. लांबी दुप्पट केली की गोंगाटाच्या तुलनेत साधारण ३ डीबीचा (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) फायदा होतो. आवाज वाढवण्यापेक्षा हे बरं, वूफरवर ताण येत नाही. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला.

स्वच्छ आलेख मिळाला. खुर्चीच्या जागी ६८.३ हर्ट्झला १३ डीबीचं शिखर, आणि त्या जागी आवाज विरायला जवळजवळ एक सेकंद. मामांच्या वाक्याचा हाच आलेख. हिशोबही जुळतो : २० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. तो खोलीच्या ५.०३ मीटर लांबीने भागला की ६८ येतात. लांबीचा हा दुसरा अनुनाद, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमून वाढणारा सूर. त्याचा जोर दोन्ही टोकांच्या भिंतींशी असतो आणि खोलीच्या मध्यावरही. आमची खुर्ची नेमकी तिथेच.

मामांना ज्यात खटकतं तेच रेकॉर्डिंग स्पेक्ट्रोग्रामवर (कोणता सूर कधी किती जोरात वाजतो ते दाखवणाऱ्या चित्रावर) टाकलं. वादकाने डग्गा खाली उतरवलेला आहे. घिस्सा घेताना (मनगट घासून सूर चढवताना) तो ७० हर्ट्झच्या जवळून वर चढत जातो. म्हणजे दर घिश्श्याला खोलीची ती जागा एकदा ढवळली जाते. तबलजीचं मनगट जे करतं तेच माझा स्वीप करतो, फक्त मला ते आकड्यांत दिसतं.

२६ जानेवारी

सोलापुरात राहून चादरी लावून बघितल्या नाहीत असं कसं होईल. घरात होत्या नव्हत्या त्या सगळ्या काढून दोन्ही लांब भिंतींवर खिळ्यांना टांगल्या. अख्खा रविवार गेला.

२००० हर्ट्झला आवाज विरायचा वेळ ०.९ सेकंदांवरून निम्म्यावर आला. ७० हर्ट्झला काडीचा फरक नाही. भिंतीला चिकटलेलं कापड खालच्या सुरांना दिसतच नाही. ऐकताना तर आधीपेक्षा वाईट : वरचं तेज गेलं, खालची सूज राहिली, त्यामुळे सूज जास्तच जाणवायला लागली. मामा आत आले, दोन मिनिटं ऐकलं. "आता गायक गोधडीत बसून गातोय."

संध्याकाळी बहुतेक चादरी उतरवल्या. फक्त पहिला परावर्तित आवाज जिथून येतो त्या दोन जागी एकेक ठेवली, तीही भिंतीपासून चार इंच पुढे, लाकडी पट्टीवर. कापड आणि भिंत यांच्यात हवा राहिली की ते आणखी खालपर्यंत काम करतं. चार इंचांना सगळ्यात जास्त उपयोग साडेआठशे हर्ट्झच्या आसपास. जागा शोधायची सोपी रीत : खुर्चीत बसायचं, दुसऱ्या कुणाला भिंतीवरून आरसा सरकवायला सांगायचं, आरशात स्पीकर दिसला की तीच जागा.

२ फेब्रुवारी

खुर्ची हलवली. पुढच्या भिंतीपासून सव्वाआठ फुटांवर होती, ती अकरा फुटांवर नेली, म्हणजे मागच्या भिंतीपासून साडेपाच. शिखर १३ वरून ७ डीबीवर. शून्य रुपये, पाच मिनिटं. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने पैसे खर्च करण्याआधी खुर्ची सरकवून मोजावं, एवढं मी छातीठोकपणे सांगेन.

आणखी मागे, साडेबारा फुटांच्या आसपास नेली तर ७० जवळजवळ नाहीसाच होतो. तेही करून बघितलं. आलेखात शिखराच्या जागी खड्डा आला आणि डग्ग्यातला जीव गेला. मामा म्हणाले, "आता नुसती थाप ऐकू येते, घुमारा कुठाय?" अकरावर परत आलो.

९ फेब्रुवारी

लॅपटॉपवरच्या इक्वलायझर एपीओ या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर (ठराविक सुराचा जोर कमी-जास्त करणारी सोय) घातला : ६८.३ हर्ट्झ, वजा ६ डीबी, क्यू २० (क्यू जितका मोठा तितका फिल्टर अरुंद). खोलीचं शिखर अरुंद होतं म्हणून फिल्टरही तितकाच अरुंद. आलेख सपाट. माझ्या कानाला डग्गा मोकळा झाला.

मामा दिवाणावर होते. "काही फरक नाही." मी आलेख दाखवला. त्यांनी आलेखाकडे बघितलंही नाही, "तिथे कागद ठीक असेल, इथे डग्गा ठीक नाही."

माइक उचलून दिवाणावर, त्यांच्या डोक्याच्या जागी नेला. दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला. तिथे शिखर अजूनही ७ डीबीचंच! दोघांचंही बरोबर होतं, मी एका खोलीबद्दल बोलत होतो आणि ते दुसऱ्या. खालच्या सुरांत चार-पाच फुटांवर खोली बदलते. इतकी वर्षं "माझ्या कानाला असं वाटतं" आणि "पण मोजमाप तसं सांगतं" अशी जी भांडणं ऐकली, त्यातली कितीतरी दोन वेगवेगळ्या खुर्च्यांवरून झाली असतील.

दोन्ही जागा एका फिल्टरने सांभाळता येत नाहीत. खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची टाकली, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर. दिवाण आता फक्त दुपारच्या झोपेपुरता.

१६ फेब्रुवारी

८५ हर्ट्झला एक खड्डा आहे, ९ डीबी खोल. इक्वलायझरने तिथे ६ डीबी वाढवून बघितले. माइकवर जेमतेम १ डीबी वाढ दिसली, वूफर मात्र हातभर हलायला लागला. हा खड्डा स्पीकरच्या मागच्या भिंतीमुळे पडतो : भिंतीवरून परतणारा आवाज सरळ आवाजाच्या उलट पडतो आणि दोघं एकमेकांना मारतात. जितका आवाज ओताल तितकाच परतून मारला जातो. भिंतीपासून एक मीटरवर ठेवलेल्या स्पीकरला तो ८५-८६ हर्ट्झला पडणारच. फिल्टर काढून टाकला.

स्पीकर मागे नेले, पुढची पाटी भिंतीपासून दीड फूट. खड्डा सरकून १९० हर्ट्झजवळ गेला. हा मात्र मऊ सामानाला ऐकतो. घरातल्या दोन जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून गादीवाल्याकडून दोन उभ्या जाड गाद्या शिवून घेतल्या, सहा इंची. मजुरीसकट चौदाशे. स्पीकरच्या मागे, भिंतीपासून थोडं अंतर ठेवून उभ्या केल्या. १९० चा खड्डा ३ डीबीवर आला. कापूस पेट घेतो, त्यामुळे अँप, वायरिंग आणि स्विचबोर्ड गाद्यांपासून लांब घेतले, त्यात एक संध्याकाळ गेली. जिथे शक्य आहे तिथे रॉकवूल वापरणं बरं, ते जळत नाही.

७० हर्ट्झवर गाद्यांचाही परिणाम नाही. त्या सुराची लाट पाच मीटर लांब. सहा इंच तिच्यापुढे काय टिकणार?

२३ फेब्रुवारी

मोह झाला म्हणून आपोआप दुरुस्तीचं बटण पूर्ण पल्ल्यासाठी दाबून बघितलं, २० ते २०,००० हर्ट्झ. सॉफ्टवेअरने डझनावारी फिल्टर टाकले, आलेख पट्टीने आखल्यासारखा झाला.

ऐकवेना. आवाज पातळ, कर्कश. तंबोऱ्याच्या तारा पत्र्याच्या वाटायला लागल्या. मामा उठून चहा टाकायला गेले, त्यांच्या बाबतीत हा निकालच समजायचा.

कारण शोधलं. खोलीच्या आकारमानाचा आणि आवाज विरायच्या वेळेचा हिशोब घातला तर या खोलीत अडीचशे हर्ट्झच्या आसपास एक सीमारेषा येते. तिच्याखाली खोलीचे अनुनाद राज्य करतात, तिच्यावर स्पीकर स्वतः. वरच्या भागात माइक सरळ आलेला आवाज आणि भिंतींवरून आलेला आवाज एकत्र करून एकच आकडा देतो. कान तसं करत नाही. कान आधी पोचलेला आवाज वेगळा धरतो आणि त्यावरून वाद्याचा पोत ठरवतो. चांगला स्पीकर सरळ रेषेत सपाट असला तरी खोलीत बसल्या जागी मोजला की आलेख वरच्या टोकाकडे हळूहळू उतरतो, आणि तो तसाच उतरायला हवा. तो जबरदस्तीने सपाट केला की स्पीकरचा सरळ आवाजच बिघडतो. या विषयावर ज्यांचं काम सगळ्यात भक्कम आहे ते ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल हेच सांगत आले आहेत.

सगळे फिल्टर पुसले. २५० च्या वर आता एकही नाही.

९ मार्च

मित्र त्याचा महागडा डॅक घेऊन आला. लावला, आणि मलाही पटलं : आवाज उघडला, गायिका दोन पावलं पुढे आली. "काय बे, अजून माइकच धरून बसणार का?"

माइक नाही, मल्टिमीटर काढला. स्पीकरच्या टर्मिनलवर ४०० हर्ट्झचा सूर सोडून दोन्ही डॅकचे व्होल्ट बघितले. (साधे मल्टिमीटर वरच्या सुरांना चुकीचे आकडे दाखवतात, म्हणून सूर खालचा घ्यायचा.) त्याचा डॅक १.१ डीबीने मोठा वाजत होता. इतका फरक मोठा म्हणून ऐकू येत नाही, चांगला म्हणून ऐकू येतो. फसगत होते ती इथेच.

आवाज ०.१ डीबीपर्यंत जुळवला. मग बहिणीला अँपपाशी बसवलं, मध्ये पडदा. तिने नाणं उडवायचं, त्याप्रमाणे डॅक बदलायचा किंवा बदलल्यासारखं करायचं, आणि वहीत लिहायचं. सोळा फेऱ्या. नुसत्या अंदाजाने सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणून बारा ही रेघ. मित्राचे नऊ आले, माझे सात. तो नाराज झाला, ते मी समजू शकतो. त्याने ऐकलेला फरक खोटा नव्हता, १.१ डीबी खरेच होते.

१९९४ साली टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी हाच प्रश्न स्पीकरवर विचारला होता. तेच स्पीकर, तेच ऐकणारे. एकदा डोळ्यांसमोर, एकदा पडद्याआड. डोळ्यांसमोर ठेवले तेव्हा दिसण्याने आणि माहितीने गुणच बदलले. त्या ऐकणाऱ्यांत ध्वनीच्या धंद्यातलीच माणसं होती.

त्याच दुपारी, तशाच पडद्याआड, ६८.३ चा फिल्टर चालू-बंद करून मामांना विचारलं. आवाज जुळवलेला. डग्ग्याचं तेच रेकॉर्डिंग. सोळापैकी सोळा. फेरी सुरू झाली की तिसऱ्या-चौथ्या थापेलाच हात वर. त्या दिवसापासून मामा "फुगतोय" म्हणाले की मी वाद घालत नाही, माइक काढतो.

२३ मार्च

मामा : "डाव्या अंगाला कुठेतरी किरकिरतंय." आलेखात काही नाही. पुन्हा मोजलं, तरी काही नाही. आलेख फक्त कोणत्या सुराला किती जोर हे सांगतो. त्या सुराबरोबर दुसरं काही थरथरत असेल तर त्यात ते कळत नाही. विकृतीचा (सोडलेल्या सुरात नसलेल्या भेसळीचा) वेगळा आलेख उघडला तेव्हा ५५ च्या आसपास एक बारीक टेकाड दिसलं, पण ते खोलीत कुठे आहे हे आकडा कसा सांगणार?

जनरेटरवर सूर सोडला आणि ५० पासून अर्धा-अर्धा हर्ट्झ चढवत गेलो. मामा डोळे मिटून खोलीत फिरले. ५४ ला थांबले, हात वर करून भिंतीवरच्या स्टीलच्या मांडणीला लावला. किरकिर बंद. वरच्या फळीवरची दोन ताटं एकमेकांना घासत होती. मध्ये जाड कापड. नंतर खिडकीची एक काचही सापडली, ती पुट्टीने बसवली. खर्च पन्नासच्या आत. माइकने मी ती ताटं पावसाळ्यापर्यंत शोधत बसलो असतो.

४ मे

दीड महिना काही लिहिण्यासारखं नव्हतं, नुसतं ऐकलं. आज मामा चार वाजता येऊन बसले, आणि डग्गा लागताच मान हलवली. "परत आला."

काही हलवलं नव्हतं. खुर्च्यांना फरशीवर खुणा आहेत, फिल्टर चालू. मला आधी वाटलं उन्हाने जीव कातावलाय, लोड शेडिंगमुळे चिडले असतील. तरी माइक लावला. खोलीत ३८ अंश.

शिखर पुन्हा साडेचार डीबीचं. पण ६८.३ ला नाही, ७०.४ ला.

घोडं कुठे पेंड खातंय ते मग कळलं. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. २० अंशांना ३४३, ३८ ला ३५४. खोलीची लांबी तीच, म्हणजे अनुनाद वर सरकणारच : ३५४ भागिले ५.०३, सत्तर पूर्णांक चार. जानेवारीच्या थंडीत बेतलेला माझा अरुंद फिल्टर ६८ वरच पहारा देत होता. ७०.४ ला त्याची काट जेमतेम अडीच डीबी उरते. थंड देशांत, वर्षभर एकाच तापमानाच्या खोल्यांत बसून लिहिलेल्या सल्ल्यांत ही गोष्ट मला भेटली नव्हती, आणि सोलापूरच्या खोलीत पहाटेची थंडी ते मेची दुपार हा पल्ला वीस अंशांहून मोठा आहे.

नवा फिल्टर : ६९.४ हर्ट्झ, वजा ६ डीबी, क्यू ८. हा रुंद असल्यामुळे ६८.३ आणि ७०.४ दोन्हीकडे काट साडेपाच डीबीच्या वर राहते. तोटा असा की शेजारच्या ६५ आणि ७४ लाही थोडी कात्री लागते. पडद्याआड दोन्ही फिल्टर लावून मामांना ऐकवलं. आजच्या उकाड्यात त्यांनी दर वेळी रुंद निवडला. काट शेजारी लागते, हे त्यांना जाणवतं का म्हणून मुद्दाम तंबोरा लावला. काळी एकचा खर्ज ६९.३ हर्ट्झला येतो, म्हणजे ऐन फिल्टरच्या पोटात. "खर्ज जागेवर आहे," म्हणाले, आणि पुढे ऐकत राहिले.

११ मे

सध्याची मांडणी, ज्यांना उतरवून घ्यायची आहे त्यांच्यासाठी. स्पीकरची पुढची पाटी भिंतीपासून दीड फूट, मागे कापसाच्या गाद्या. दोन खुर्च्या, पुढच्या भिंतीपासून अकरा फूट. बाजूच्या भिंतींवर एकेक चादर, चार इंच पुढे. एकच फिल्टर, वर दिलेला. तुमच्या खोलीत हे आकडे चालणार नाहीत, लांबी मोजून भागाकार तुम्हालाच करावा लागेल. आणि मोजताना थर्मामीटरचा आकडाही वहीत लिहा. मी जानेवारीत लिहिला होता म्हणूनच मेमध्ये दोन मोजण्या शेजारी ठेवता आल्या.

उरलेलं काम : ३४ हर्ट्झचा पहिला अनुनाद. तो या स्पीकरच्या आवाक्याबाहेर आहे, सबवूफर आला तरच त्रास देईल. मामांना सबवूफर नको आहे. डिसेंबरात, खोली वीसच्या खाली गेली की, रुंद फिल्टर लावून पुन्हा मोजणार आणि पडद्याआड पुन्हा सोळा फेऱ्या घेणार. थंडीत त्यांनी अरुंद निवडला तर दोन ऋतूंचे दोन फिल्टर ठेवीन.